‘आम्ही मार खाऊनच घडलो’ म्हणणाऱ्या गुरुजींना

स. न. वि. वि.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तीसेक वर्षं नोकरी केली. चौथीच्या स्कॉलरशिपला माझी मुलं तालुक्यात पहिली यायची. निरगुडीचा फोक टेबलावर कायम असे. आज ती मुलं मेळाव्यात भेटतात, पाया पडतात आणि म्हणतात, ‘गुरुजी, तुमच्या छडीने घडलो.’ आता मी पुण्यात मुलाकडे राहतो. मुलगा-सून दोघं नोकरीला, त्यामुळे शाळा सुटल्यावर नातू माझ्याकडे असतो. तिसरीत आहे. मागच्या महिन्यात त्याने घटक चाचणीचा पेपर दप्तरात लपवला आणि विचारल्यावर ‘बाईंनी दिलाच नाही’ म्हणाला. मी फूटपट्टीने हातावर दोन दिल्या. संध्याकाळी सूनबाईंनी वळ पाहिला आणि आवाज न चढवता सांगितलं, ‘पुन्हा हात उगारलात तर त्याला पाळणाघरात ठेवीन.’ मुलगा गप्प. ‘लालयेत् पञ्च वर्षाणि, दश वर्षाणि ताडयेत्’ हे आपल्या पूर्वजांनी उगाच सांगितलं का? मारायचं नाही हे पाश्चात्त्यांचं खूळ. त्यापायी आपली संस्कृती सोडायची का? आणि या वयात सुनेपुढे नमतं घ्यायचं का?

— एक निवृत्त शिक्षक

ता. क. पोरगं हल्ली नाटकी झालंय. मी चष्मा पुसायला हात वर नेला तरी डोकं आखडून घेतं.

*

आदरणीय गुरुजी,

सादर नमस्कार.

सुनेपुढे नमतं घ्यायचं का, हा प्रश्न तुम्ही पत्रात शेवटी ठेवलाय, पण टोचतोय तुम्हाला तोच. तरी तुम्ही श्लोक देऊन मुद्दा मांडलाय, तेव्हा आधी श्लोकाचं बघू.

श्लोक खरा आहे. चाणक्याच्या नावावर चालत आलेल्या नीतिवचनांत तो आहे, आणि त्याच्या जोडीला त्याहून कडक दुसराही आहे: लाडाने फार दोष येतात, माराने फार गुण येतात, म्हणून मुलाला आणि शिष्याला मारावं, लाडावू नये. तेव्हा मारणं इंग्रजांनी आणलं, त्याआधी आपल्याकडची गुरुकुलं नुसत्या मायेवर चालायची, असं मी तुम्हाला सांगणार नाही. तसं सांगणारे पुष्कळ भेटतात, पण त्यात तथ्य नाही.

मात्र ‘पाश्चात्त्यांचं खूळ’ यातही तथ्य नाही. छडीची भक्ती पश्चिमेने आपल्याहून कमी केलेली नाही. बायबलमधलं नीतिसूत्र म्हणतं, जो छडी आवरतो तो आपल्या मुलाचा द्वेष करतो. इजिप्तमध्ये लेखनिक तयार करणाऱ्या शाळांचा तीन हजार वर्षांहून जुना एक पपायरस सांगतो की मुलाचे कान त्याच्या पाठीवर असतात, मारलं की त्याला ऐकू येतं. आजच्या इराकमधल्या प्राचीन सुमेरच्या मातीच्या पाट्यांवर तर एका विद्यार्थ्याचा अख्खा दिवस लिहिलेला सापडलाय, साधारण चार हजार वर्षांपूर्वीचा. बोलला म्हणून मार, उठला म्हणून मार, फाटकाबाहेर गेला म्हणून मार, अक्षर वाईट म्हणून मार. शेवटी कंटाळून तो बापाला म्हणतो, मास्तरांना घरी जेवायला बोलवा. बाप बोलावतो, खाऊपिऊ घालतो, नवा कपडा देतो, बोटात अंगठी घालतो. लगेच मास्तर पोराच्या हुशारीची तारीफ करायला लागतात. (हा शेवटचा भाग वाचून तुमच्या एखाद्या सहकाऱ्याची आठवण आली तर ती माझी जबाबदारी नाही.)

तुम्ही नोकरीला लागलात त्या सुमाराला इंग्लंडच्या सरकारी शाळांतही वेताची छडी राजरोस चालू होती. ती बंद करणारा कायदा संसदेने केला 1986 साली. घरातसुद्धा मुलावर हात उचलायचा नाही असा कायदा जगात सगळ्यात आधी स्वीडनने केला, तोही 1979 मध्ये, आणि लोकांना तो कळावा म्हणून दुधाच्या खोक्यांवर छापला. म्हणजे ज्याला तुम्ही पाश्चात्त्य म्हणता ते तिकडेही कालपरवाचं आहे. आपल्या शेजारच्या नेपाळने तो कायदा 2018 मध्ये केला. नेपाळला कुणी पाश्चात्त्य म्हणत नाही.

आणि जे समाज मारत नव्हते ते कोण होते, तेही ऐका. 1633 साली कॅनडातल्या क्वेबेकमध्ये पॉल ल ज्यून नावाच्या फ्रेंच पाद्र्याने एक प्रसंग लिहून ठेवलाय. ढोल वाजवणाऱ्या एका फ्रेंच पोराने जवळ आलेल्या स्थानिक माणसाच्या डोक्यात टिपरी मारली, रक्त आलं. फ्रेंच म्हणाले, आम्ही या पोराला तुमच्यासमोर फटके देतो. फटक्यांची तयारी बघून ते स्थानिक लोकच गयावया करू लागले: लहान आहे, त्याला काय कळतं! तरी फ्रेंच ऐकेनात, तेव्हा त्यांच्यातल्या एकाने अंगावरचं पांघरूण काढून पोरावर टाकलं आणि म्हणाला, मला मार हवं तर, त्याला नाही. पाद्रीबुवांना हे काही पटलं नाही. यांची मुलं शिकवायची तर आईबापांपासून लांब न्यावी लागतील, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

ज्यांच्याकडे राजा, दरबार, कारकून, गुलाम असलं काही नव्हतं, अशा बऱ्याच शिकारी-भटक्या समाजांत मुलांना मारणं अगदी कमी आढळतं, असं मानववंशशास्त्राचे अभ्यासक सांगतात. वरच्याने सांगायचं आणि खालच्याने मुकाट ऐकायचं अशी उतरंड जिथे उभी राहिली, तिथे मुलाला मारणंही वाढलं. उतरंडीत जगायचं तर वाकायची सवय लहानपणीच लागलेली बरी, असा त्यामागचा हिशेब असावा.

आपल्याकडची उतरंड आपल्या ग्रंथांत उघड लिहिलेली आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातला 299 वा श्लोक काढा. अपराध केला तर दोरीने किंवा बांबूच्या कांबीने कुणाकुणाला मारावं, याची तिथे यादी आहे: बायको, मुलगा, दास, नोकर आणि सख्खा धाकटा भाऊ. गुरुजी, ही यादी तुमच्या वर्गातल्यासारखी मोठ्याने वाचा. त्यात मुलगा बायकोच्या आणि दासाच्या मधे बसलाय. तो लहान आहे, त्याला वळण लावायचं आहे, म्हणून तो तिथे आलेला नाही. घरातल्या कर्त्याची ज्यांच्यावर सत्ता, त्यांची ही यादी आहे.

आता त्या यादीचं पुढे काय झालं ते बघा. 1843 च्या कायद्याने हिंदुस्थानातल्या कोर्टांनी गुलामगिरी मानणं बंद केलं, तिथे दास गेला. नोकराला मारलं तर तो आज पोलिसांत जाऊ शकतो. बायकोसाठी 1983 मध्ये सासरच्या छळाविरुद्धचं कलम 498-अ आलं, 2005 मध्ये कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आला. तुरुंगातल्या गुन्हेगाराचं नाव मनूच्या यादीत नव्हतं, पण इंग्रजांनी 1864 मध्ये फटक्यांचा खास कायदा करून त्याला आणलं. त्या कायद्यात लहान वयाच्या गुन्हेगाराला शाळेतल्या शिस्तीच्या पद्धतीने, हलक्या वेताने मारावं असं लिहिलं होतं. तुरुंगाने मारायची पद्धत शाळेकडून घ्यावी, ही गोष्ट तुम्हाला शिक्षक म्हणून बोचली पाहिजे. ते फटकेही आपल्या संसदेने 1955 साली रद्द केले. शेवटी 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शाळेतल्या मुलाला शारीरिक शिक्षा देण्याला आणि त्याचा मानसिक छळ करण्याला मनाई केली. हा कायदा 1 एप्रिल 2010 ला लागू झाला. तुमच्या निवृत्तीच्या आसपासचंच हे. त्यावर काढलेलं परिपत्रक तुमच्याही शाळेत आलं असेल आणि सही करून फायलीला लागलं असेल.

राहता राहिलं घरातलं मूल. खून करून तुरुंगात बसलेल्याला आज कुणी कायद्याने छडी मारू शकत नाही. पेपर लपवणाऱ्या आठ वर्षांच्या पोराला मात्र आजोबा मारू शकतात, कारण घरात मारण्यावर सरसकट बंदी घालणारा कायदा आपल्याकडे अजून नाही. उलट 1860 च्या दंडसंहितेत कलम 89 होतं: बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी पालकाने किंवा त्याच्या संमतीने सद्हेतूने केलेली गोष्ट गुन्हा नव्हे. कित्येक मारकुट्या मास्तरांच्या वकिलांनी याच कलमाचा आडोसा घेतला, आणि नव्या न्याय संहितेतही ते आलंय. गंमत अशी की त्याच 1860 साली इंग्लंडात टॉमस हॉपली नावाच्या शाळामास्तरावर खटला चालला. त्याने एका विद्यार्थ्याला बापाची लेखी परवानगी घेऊन रात्री मारलं, आणि पोरगं मेलं. ज्यूरीने त्याला दोषी ठरवलं खरं, पण न्यायाधीशाने जाता जाता तत्त्व सांगितलं की बेताचा आणि वाजवी मार देण्याचा हक्क बापाला आणि मास्तराला आहे. हे ‘बेताचा आणि वाजवी’ इंग्रजी राज्यात सगळीकडे पसरलं. तुम्ही संस्कृती म्हणून जे जपताय त्यात मनू आहे तसा हा हॉपलीचा जज्जही आहे.

आपल्याच परंपरेत दुसरा सूर नव्हता असं मात्र नाही. गौतम धर्मसूत्र म्हणतं, शिष्याला शिस्त लावावी ती न मारता. नाहीच जमलं तर बारीक दोरी किंवा पातळ कांब, आणि त्याखेरीज दुसऱ्या कशानेही मारणाऱ्या गुरूला राजाने शिक्षा करावी. म्हणजे मारणं ही गुरूची हतबलता, आणि तिच्यावरही राजाचा पहारा. फूटपट्टी गौतमाच्या यादीत बसत नाही.

दुसरं उदाहरण तुम्ही गोपाळकाल्याला वर्गात सांगितलंही असेल. यशोदा काठी घेऊन कृष्णाच्या मागे धावते, त्याला पकडते. पुढचं भागवत काय सांगतं? पोर भ्यालंय हे लक्षात आल्यावर तिने काठी टाकून दिली. मग तिने त्याला उखळाला बांधलं, म्हणजे खोडी काही तिने सोडून दिली नाही. पण काठी टाकली ती तो भ्याला म्हणून.

इथे मी तुमच्या ताज्या कलमाकडे येते. पत्रात सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे आणि तुम्ही ते जाता जाता लिहिलंय. चष्मा पुसायला हात वर गेला की नातू डोकं आखडतो. गुरुजी, हे नाटक नाही. नाटक करणारं मूल तुमच्याकडे बघत बघत करतं. हे त्याच्या नकळत होतंय. हात वर गेला की पुढे काय येतं हे त्याच्या मानेने पाठ केलंय. आणि दोन फटक्यांत एवढं पाठ होत नाही. पत्रात लिहिलेल्या दोन फटक्यांखेरीज आणखी काही आहे का, हे तुम्ही मला कळवायची गरज नाही, पण स्वतःशी आठवून बघा.

आता तुमचे मेळाव्यातले विद्यार्थी. ते खोटं बोलत नाहीत. तुम्ही शाळा सुटल्यावर थांबून स्कॉलरशिपची गणितं करून घेतली असतील, कुणाची फी भरली असेल, कुणाला स्वतःच्या सायकलवर डबलसीट परीक्षेच्या केंद्रावर नेलं असेल. ते घडले त्याने. छडी त्याच काळात शेजारी होती, म्हणून श्रेय तिलाही मिळतं. शिवाय मेळाव्याला येतात ते शाळेत टिकलेले. वर्गातलं जे पोरगं पाढे चुकायचं म्हणून रोज मार खायचं आणि एके दिवशी दप्तर टाकून गुरांमागे गेलं, त्याला त्या मेळाव्याचं बोलावणं जातं का? आणि एक विचारते, राग मानू नका: पाटलाच्या पोराच्या हातावर आणि ऊसतोडीला जाणाऱ्याच्या पोराच्या हातावर तुमचा फोक सारख्याच जोराने पडायचा का? तुमचा पडत असेलही. सगळ्यांचा पडत नव्हता.

छडी तुमच्या हातात का आली हेही मला दिसतं. एका खोलीत दोन-तीन इयत्ता, साठ-सत्तर पोरं, कधी एकच शिक्षक, त्यात शाळा तपासणारे डिपोटी येणार म्हणून आठ दिवस आधीपासून पोटात गोळा. इंग्रजी अमदानीत निकालावर अनुदान ठरवायची पद्धत मुंबई इलाख्यात होती. ती गेली, पण निकालाची धास्ती शाळांमधून गेली नाही. डिपोटीची भीती मास्तरांच्या मनात आणि मास्तरांची पोरांच्या. तेवढ्या गर्दीत तेवढ्या पगारात दुसरं काय करणार, हे तुमचं म्हणणं मी मान्य करते. मात्र आज तुमच्यापुढे साठ पोरं नाहीत. एकच आहे.

तीच परिस्थिती असून न मारणारेही होते, हे तुम्ही जिल्हा परिषदेचे शिक्षक म्हणून जाणताच. भावनगरला गिजुभाई बधेकांनी 1920 मध्ये बालमंदिर काढलं. तारा मोडक त्यांच्याबरोबर काम करू लागल्या. पुढे 1945 मध्ये ताराबाई बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी त्यांनी अंगणात, गोठ्याशेजारी, गुरं चारायच्या जागी शाळा भरवली. पोरं येत नसतील तर शाळेने त्यांच्याकडे जायचं, एवढा साधा त्यांचा मार्ग. प्रेरणा माँटेसोरीची, म्हणजे इटलीची, हे मी लपवत नाही. चांगली गोष्ट कुठून आली याची चौकशी आपण रेल्वेच्या बाबतीत करत नाही.

माराने काही साधतं का, यावर पन्नासेक वर्षं अभ्यास झालेत. 2016 मध्ये अशा 75 अभ्यासांची एकत्र छाननी झाली, दीड लाखाहून जास्त मुलांची. मार खाणाऱ्या मुलांत आक्रमकपणा, मनाचे त्रास, आईबापांशी बिघडलेलं नातं जास्त दिसलं. वळण सुधारलेलं दिसलं नाही. असले अभ्यास एकेका घराबद्दल काही सांगत नाहीत हे खरं. तुमच्या घराबद्दल तो लपवलेला पेपर सांगतो. नातवाने पेपर लपवला तो मार्क कमी पडले म्हणून नव्हे, ते कळल्यावर काय होईल हे ठाऊक होतं म्हणून. त्या दोन फटक्यांनी त्याला खोटं बोलू नये हे शिकवलं नाही. पुढचा पेपर दप्तरापेक्षा चांगल्या जागी लपवावा हे शिकवलं.

तर करायचं काय. पहिले पंधरा-वीस दिवस त्याचा अभ्यास घेऊच नका. शाळेतून आला की खायला द्या, खाली खेळायला जाऊ द्या. फूटपट्टी त्याच्या दप्तरात राहू दे, तुमच्या हाताशी नको. मग एक दिवस त्याला सांगा की मी तुला मारलं ते चुकलं, यापुढे मारणार नाही. ‘पण तूही खोटं बोललास’ हे शेपूट त्याला जोडू नका. तो एकदम येऊन बिलगेल अशी अपेक्षाही नको. बहुतेक ‘हं’ म्हणून पळून जाईल.

अभ्यास पुन्हा सुरू कराल तेव्हा समोर न बसता शेजारी बसा. पावकी, निमकी, दिडकी तुम्हाला अजून तोंडपाठ असणार. त्याच्या शाळेत ते कुणीच शिकवत नाही. ते त्याला खेळासारखं द्या, वर्गात जाऊन मिरवेल. मार्क कमी पडले तर चुकलेलं एकच गणित दोघांनी मिळून सोडवायचं, बाकीची दुसऱ्या दिवशी. आणि राग आलाच, येणारच, तर उठून गॅलरीत जा. सत्तरीच्या माणसाला गुडघे मोकळे करायला उठायचं निमित्त लागत नाही.

आता सूनबाई. त्यांनी वळ बघून आरडाओरडा केला नाही, नवऱ्याला मधे घातलं नाही, थेट तुमच्याशी बोलल्या आणि एकच गोष्ट मागितली. यात नमतं घेण्यासारखं काय आहे? नातू तुमच्याकडे राहावा असंच त्यांना वाटत असणार, नाहीतर दुसऱ्या दिवशीच पाळणाघरात नाव घातलं असतं. आज त्यांना सांगा, तुमचं म्हणणं मला मान्य आहे. एवढं वाक्य पुरे, संस्कृतीवरचं भाषण नको.

मला जास्त काळजी तुमच्या मुलाची वाटते. ‘मुलगा गप्प,’ एवढंच तुम्ही लिहिलंय. तो तुमच्याच शाळेत, तुमच्याच वर्गात होता का? मास्तरांचा मुलगा म्हणून त्याला इतरांपेक्षा दोन जास्त पडायच्या, पक्षपात दिसू नये म्हणून? बहुतेक मास्तरांच्या घरी हे घडलेलं असतं. नातू झोपल्यावर मुलाला विचारा, तेव्हा तुला काय वाटायचं. लगेच सांगणार नाही, विषय बदलेल. आठवड्याने पुन्हा विचारा. आणि बोलायला लागलाच तर मधेच ‘पण घडलास की’ असं म्हणू नका.